पोळीचे पुराण : कल्याणीपासून चामराजपुरमपर्यंत

आपल्या मंडळाला पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्यानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेसाठी इतिहासविषयक एखादा लेख आमच्याकडून यावा, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. इतिहास म्हटला की म्हैसूरच्या मराठी माणसाची लेखणी आपोआप श्रीरंगपट्टणाकडे धाव घेते. पेशव्यांच्या स्वाऱ्या, हैदर-टिपूशी झालेले तह आणि लढाया यांवर अधिकारी मंडळींनी पुष्कळ लिहिले आहे, आणि त्यात भर घालण्याइतका आमचा व्यासंग नाही. आम्ही केंद्र सरकारच्या नोकरीत कागदपत्रे हाताळण्यात आयुष्य घालविलेले एक साधे बी. ए. तेव्हा दररोज आपल्या ताटात असते आणि जिच्या इतिहासाची चौकशी आपण क्वचितच करतो, त्या पोळीविषयी चार शब्द लिहावयाचे आम्ही ठरविले आहे.

या निवडीमागे एक घरगुती कारणही आहे, ते सांगितलेच पाहिजे. गेल्या पावसाळ्यात चामराजपुरममधील आमच्या घराच्या अंगणात सौ. घसरून पडल्या आणि त्यांचे उजवे मनगट मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये. भात, सारू, पल्य इतके आम्हांस येत होते. इतक्या वर्षांच्या म्हैसूरच्या वास्तव्यात ते शिकणे कठीण नव्हते. परंतु पोळी? वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी आम्ही प्रथमच परातीपुढे बसलो. पहिल्या दिवशीच्या पोळ्या इतक्या वातड झाल्या की दुधात भिजवूनही त्या नमल्या नाहीत. सौ. खुर्चीवरून म्हणाल्या, “अहो, कणीक मुरू तरी द्या. पोळीला घाई चालत नाही.” मुरणे म्हणजे नेमके काय, पोळी मऊ होते ती कशाने, आणि ही विद्या आपल्या घरात आली तरी केव्हा, या प्रश्नांच्या मागे लागलो, त्यातून हा लेख झाला.

नावात काय आहे?

प्रथम नावाचा घोळ. आमचे माहेरघर सातारा जिल्ह्यातले. तेथे गव्हाची रोजची ती ‘चपाती’, आणि ‘पोळी’ म्हणजे पुरणाचीच. सौ. पुण्याच्या; त्यांच्या घरी रोजची ती ‘पोळी’ आणि सणाची ती ‘पुरणपोळी’. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी आमच्या आईस विचारले, “आज पोळ्या किती करू?” आई चकित होऊन म्हणाली, “अगं, आज सण कसला?” या एका शब्दावरून समोरच्याचे गाव, जात आणि घराची सांपत्तिक स्थिती यांचा अंदाज बांधणारी माणसे महाराष्ट्रात होती आणि अजूनही आहेत. परगावी आल्यावर मात्र हा भेद बोथट होतो. आपल्या मंडळाच्या पंगतीत कोणी पोळी मागतो, कोणी चपाती, आणि वाढणारा एकाच दुरडीतून दोघांनाही वाढतो.

‘पोळी’ हा शब्द बराच जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३०च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. त्या ग्रंथाच्या अन्नभोग या प्रकरणात राजाच्या भोजनाचे वर्णन आहे. गहू धुवावे, वाळवावे, दळावे, पीठ चाळून घ्यावे, तूप-मीठ घालून कणीक मळावी, गोळे हाताने पसरून तापलेल्या खापरावर भाजावेत : हे झाले ‘मंडक’, म्हणजे आपले मांडे. त्यांच्याच पंक्तीत ‘पोलिका’ आहे आणि निखाऱ्यावर भाजलेली ‘अंगारपोलिका’ही आहे. विशेष असे की, ज्या ग्रंथात मांडे आहेत त्याच ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया धान्य कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. कानडी मुलखातील राजाने संस्कृतात लिहिलेल्या पुस्तकात मराठी स्त्रीचे कष्ट आणि तिचे गाणे असे एकत्र नोंदले गेले आहे.

मांड्यांची पुढची हकीकत प्रत्येक मराठी मुलास ठाऊक असते. मुक्ताबाईस मांडे करावयाचे होते, विसोबा चाटीने कुंभाराकडून खापर मिळू दिले नाही, तेव्हा ज्ञानदेवांनी योगबळाने आपली पाठ तापविली आणि तिच्यावर मांडे भाजले गेले. ही कथा आख्यायिका म्हणूनच घ्यावयाची. परंतु खापराशिवाय मांडे नाहीत ही त्यातील बारीक गोष्ट पाकशास्त्राला धरून आहे. सोमेश्वराच्या खापराशी ती तंतोतंत जुळते.

आमच्या शेजारच्या अज्जींना ही कथा सांगितली, तेव्हा त्यांनी ‘मनस्सिनल्ले मंडिगे तिन्नोदु’ ही म्हण ऐकविली. आपले ‘मनात मांडे खाणे’ तेच हे! बेळगावकडे मंडिगे आजही लग्नकार्यात मानाने वाढले जातात. आणि आपल्या या म्हैसूर जिल्ह्याचाही यात वाटा आहे. हुणसूरजवळील कळ्ळहळ्ळीचा जैन अधिपती तिसरा मंगरस याने सोळाव्या शतकाच्या आरंभी कानडी पद्यात ‘सूपशास्त्र’ हा पाकशास्त्राचा ग्रंथ लिहिला. त्याचा पहिला अध्याय पिष्टपाकाचा, म्हणजे पिठाच्या पदार्थांचा आहे. उगादीला शेजारून ओब्बट्टू येतो आणि आपल्याकडून पाडव्याची पुरणपोळी जाते, तेव्हा एकाच घरची दोन ताटे अदलाबदल होतात असे म्हटले तरी चालेल.

सणाचा गहू

एवढ्यावरून कोणी असे समजेल की आपले पूर्वज बाराव्या शतकापासून रोज पोळी खात आले. वस्तुतः तसे नाही. राजाच्या ताटावरून प्रजेच्या ताटाचा निष्कर्ष काढणे हे इतिहासात नेहमीच धोक्याचे असते. देशावर ज्वारी, कोरड्या भागात बाजरी, कोकणात तांदूळ आणि नाचणी, हे मराठी माणसाचे रोजचे अन्न होते. म्हैसूरच्या शेतकऱ्याचे रागी मुद्दे तसेच. गव्हाला कसदार जमीन, हिवाळ्याची थंडी आणि जमल्यास पाणी लागते. दख्खनमध्ये पिकणारा गहूही पुष्कळसा बन्सी किंवा खपली जातीचा. बन्सीचा रवा उत्तम, खपलीची खीर आणि पुरणपोळी उत्तम. रोजच्या घडीच्या पोळीचा गहू तो नव्हे.

आमच्या लहानपणी, म्हणजे १९७०च्या दशकात, वडील प्राथमिक शिक्षक असूनही घरात रोज भाकरीच होई. चपाती सणाला, पाहुण्यांना आणि आजाऱ्याला. शाळेच्या सहलीला डब्यात चपाती मिळाली की ती इतर मुलांना दिसेल अशा बेताने उघडावयाची, हा आमचा पहिला श्रीमंतीचा अनुभव. आज वैद्य ज्वारी-नाचणी खावयास सांगतात आणि भाकरीला पुन्हा मान आला आहे. परंतु त्या काळी भाकरीची लाज वाटावी अशी शिकवण आम्हांस कोणी दिली नसतानाही ती आम्ही आत्मसात केली होती, हे कबूल केले पाहिजे.

मग रोजची पोळी आली कोठून? तिच्या येण्याला तीन-चार वाटा आहेत. पहिली वाट गिरणीची. जात्यावर एका घरापुरते दळण दळावयाचे तर बाईस पहाटे उठून तासन् तास खपावे लागे. त्या कष्टांतून जात्यावरच्या ओव्या जन्मल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांच्या प्रयत्नाने महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंजिनावरील व नंतर विजेवरील पिठाच्या गिरण्या शहरांतून आणि हळूहळू खेड्यांतून आल्या आणि हे ओझे उतरले.

दुसरी वाट रेशनिंगची. महायुद्धाच्या काळात, मे १९४३ मध्ये, मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. सवयीचे धान्य न मागता जे दुकानात येईल ते घ्यावयाचे, अशी वेळ आली आणि भात-भाकरी खाणाऱ्या अनेक घरांत गहू नियमाने शिरला. तिसरी वाट अमेरिकेची. १९५६ साली अमेरिकेशी पी. एल. ४८० खालील करार झाला आणि जहाजांतून गहू येऊ लागला. १९६५ व १९६६ या लागोपाठच्या दुष्काळांनंतर १९६६ मध्ये सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले. त्या काळातील लाल गहू आणि ‘मिलो’ नावाची लाल ज्वारी यांची चव आमच्या आजीच्या तोंडून आम्ही इतक्यांदा ऐकली आहे की ती प्रत्यक्ष चाखल्यासारखी वाटते. त्या भाकऱ्या थापताना तुटत, आणि आजीला अन्नाला नावे ठेवलेली खपत नसल्यामुळे ती फक्त “जमेना गं” एवढेच म्हणे.

चौथी वाट आपल्याच शेतांतून आली. १९६६ मध्ये मेक्सिकोहून बुटक्या गव्हाचे १८,००० टन बियाणे आणले गेले. पीक भरघोस आले, पण दाणा तांबडा. त्याची पोळी काळपट दिसते म्हणून गिऱ्हाईक नाक मुरडी. अन्नाची टंचाई असतानाही गृहिणीच्या पसंतीची दखल शास्त्रज्ञांना घ्यावी लागली, ही गोष्ट आम्हांस मोठी बोलकी वाटते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत गामा किरणांच्या साह्याने पिवळसर दाण्याचा ‘शरबती सोनोरा’ तयार झाला; पाठोपाठ ‘कल्याण सोना’ आणि ‘सोनालिका’ आले. १९६४-६५ मधील १ कोटी २० लाख टनांच्या आसपासचे गव्हाचे उत्पादन १९६७-६८ मध्ये १ कोटी ६० लाख टनांच्या पुढे गेले आणि जुलै १९६८ मध्ये सरकारने या यशाचे टपाल तिकीट काढले. तरीही जुन्या उंच जातीचा, १९६५ मध्ये आलेला ‘सी-३०६’ हा गहू पोळीच्या बाबतीत पुढे कित्येक वर्षे तुलनेचे माप म्हणून धरला गेला.

सारांश, बहुसंख्य मराठी घरांतील रोजची पोळी ही फार तर दोन-तीन पिढ्यांची आहे. जी आपण सनातन समजतो, ती पुष्कळ अंशी आपल्या आजीच्या डोळ्यांदेखत आली.

मऊपणाचे शास्त्र

आता आमच्या वातड पोळ्यांकडे वळू. पोळी मऊ कशी होते, या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास ज्या ठिकाणी झाला ते ठिकाण आपल्या चामराजपुरमपासून दूर नाही. म्हैसूरच्या राजघराण्यातील चेलुवांबा यांच्या प्रासादात १९५० साली केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. टंचाईच्या काळात गव्हाच्या पिठात टॅपिओका व शेंगदाण्याचे तेल काढलेले पीठ मिसळून तिने ‘पौष्टिक आटा’ सिद्ध केला. पुढे चपातीस कोणता गहू योग्य, पिठाला पाणी किती लागते, चपाती शिळी का होते यांवर तेथे वर्षानुवर्षे काम झाले आणि चपाती करणारे यंत्रही बनविले गेले. १९६१ साली याच शहरात स्थापन झालेल्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने दूरच्या ठाण्यांवरील जवानांसाठी महिनोन् महिने टिकणारी चपाती तयार केली. ज्या जिल्ह्यात गहू जवळजवळ पिकत नाही, त्या जिल्ह्याने पोळीवर एवढे डोके चालवावे, ही गंमतच आहे.

त्या शास्त्राचा आमच्या परातीपुरता अर्थ असा. गव्हाच्या पिठातील प्रथिने पाण्याशी मिळून ग्लूटेन तयार होते. तेच कणकेला चिवटपणा आणि ताण देते. चक्कीच्या दगडांच्या घर्षणात व उष्णतेत पिठातील काही पिष्टकण फुटतात, आणि असे फुटके कण पाणी अधिक शोषतात. म्हणून चक्कीच्या पिठाची कणीक सैल भिजवता येते आणि पोळी मऊ राहते. १०० ग्रॅम पिठास साधारण ६५ ते ७५ मिलिलिटर पाणी लागते; नेमके किती, ते गव्हावर आणि हवेवर अवलंबून. आमची पहिली चूक येथेच झाली. हाताला चिकटते म्हणून आम्ही पाणी कमी घातले आणि कणीक घट्ट झाली. सौ.चे माप निराळे : कणीक कानाच्या पाळीइतकी मऊ हवी.

दुसरी चूक घाईची. मळल्यावर ग्लूटेन ताणलेले असते. लगेच लाटावयास घेतले तर पोळी लाटण्याखाली पसरते आणि पुन्हा आखडते. ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवली की पाणी सर्वत्र पोचते, ताण उतरतो आणि लाटी सहज पसरते. मुरणे ते हेच. तिसरी गोष्ट घडीची. लाटी पुरीएवढी लाटून तेलाचे बोट फिरवावयाचे, वर किंचित पिठी भुरभुरावयाची, दुमडून पुन्हा दुमडावयाचे आणि मग लाटावयाचे, कडा मध्यापेक्षा पातळ ठेवून. तेलामुळे पदर एकमेकांस चिकटत नाहीत आणि पापुद्रे सुटतात. तवा चांगला तापलेला असावा. मंद तव्यावर पोळी फार वेळ राहते, पाणी उडून जाते आणि ती वाळते. तापल्या तव्यावर आतल्या पाण्याची झटकन वाफ होते आणि पदर उचलले जाऊन पोळी टम्म फुगते. पहिली बाजू थोडकीच भाजावयाची, बुडबुडे दिसताच उलटावयाची. उतरविल्यावर तूप अथवा तेल लावून स्वच्छ फडक्यात, एकावर एक. उघडी राहिली की वाफ जाते. शिवाय थंड होताना पिष्टाची घडण बदलते आणि पोळी कडक होऊ लागते. फडके आणि दुरडी यांनी हे थांबत नाही, लांबते इतकेच.

यातील एकही गोष्ट सौ.स ठाऊक नव्हती असे नाही. ग्लूटेन हा शब्द तेवढा नवा होता.

न मोजलेला हिशेब

लेखी पाकशास्त्राचीही आपल्याकडे मोठी परंपरा आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० साली निघाले आणि कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० साली. वाटी-चमच्याच्या मापाने लिहिलेली ‘रुचिरा’ घेऊन कितीतरी नवविवाहिता दिल्ली, इंदूर, बंगळूर आणि परदेशही गाठत्या झाल्या. आईचा हात दूर राहिला, तेव्हा पुस्तकाने तो थोडाफार भरून काढला. तरी पोळीच्या बाबतीत पुस्तक अर्ध्या वाटेवर थांबते, हे आम्ही अनुभवाने सांगतो. कणकेचा सैलपणा आणि तव्याचा ताव हाताशेजारी हात ठेवूनच कळतो.

कार्यालयात सवय जडल्यामुळे आम्ही प्लास्टरच्या दिवसांत एक हिशेब मांडला. दिवसाला बारा पोळ्या धरल्या, तर वर्षाच्या ४,३८० होतात आणि तीस वर्षांच्या संसारात १,३१,४००. आमच्या नोकरीच्या काळातील प्रत्येक फाइलीची नोंद कोठे ना कोठे आहे. या सव्वा लाखाहून अधिक पोळ्यांची नोंद कोठेच नाही. पोळी कडक झाली त्या दिवशी मात्र आम्ही ते बोलून दाखविल्याचे स्मरते.

या श्रमाला बाजारात किंमत असते हे मुंबईच्या गिरणगावातील खाणावळवाल्या बायांनी दाखवून दिले. घरोघरी गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या या स्त्रिया सावकाराच्या व्याजात अडकलेल्या होत्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना संघटित केले आणि बँकेच्या कर्जाची वाट मोकळी केली. आज शहरोशहरी पोळी-भाजी केंद्रे दिसतात. दोघेही नोकरी करणाऱ्या घराने तेथून पोळ्या आणल्या तर त्यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही. कोणाच्या तरी संसाराला त्याचा हातभार लागतो. घरची पोळी टिकली पाहिजे असा उपदेश करणाऱ्या पुरुषाने आधी कणीक मळावी, मग बोलावे, असे आता आमचे मत झाले आहे.

तरीही एक रुखरुख आहे. मंडळाची पहिली पिढी आली तेव्हा पोळी येथे उपाहारगृहांतून सहज मिळत नव्हती. घरी केली तरच ती होती. आज सर्व काही पिशवीत मिळते आणि आपली मुले मराठी समजतात, पण बोलताना अडखळतात. पोळी आणि भाषा या दोन्ही गोष्टी हातोहात जाणाऱ्या आहेत. आमची कन्या बंगळूरला नोकरीस आहे. तिला पोळी येत नाही. अभ्यासाचे दिवस म्हणून आम्हीच तिला कधी परातीपुढे बसू दिले नव्हते. आईच्या दुखण्याच्या वेळी ती दूरध्वनीवर चेहरा पाहून बोलत असे आणि आमची फजिती पाहून हसत असे. एके दिवशी तिनेच तिकडे कणीक भिजविली आणि विचारले, “बाबा, पाणी किती घालू?” आम्ही उत्तर दिले, “कानाची पाळी चाचपून बघ.” सौ. शेजारून म्हणाल्या, “आणि मुरू दे म्हणावं.”

मनगट आता बरे झाले आहे. रविवारच्या पोळ्या मात्र आमच्याकडेच राहिल्या आहेत. त्या अद्याप पूर्ण गोल होत नाहीत, पण फुगतात. पुढील संक्रांतीच्या स्नेहसंमेलनात पोळ्या मंडळाच्या पुरुष सभासदांनी लाटाव्यात, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे नम्रपणे ठेवीत आहोत. कणीक भिजविण्याची जबाबदारी आमच्याकडे लागली.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवास आमच्या मनःपूर्वक शुभेच्छा.